‘पुरे’चं बटण

केळव्याच्या आमच्या वाडीत पानवेलींमध्ये कुणी चपला घालून जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी कारण विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "वेलीला आवडत नाय." नवरा म्हणाला, "बाहेरचा रोग चपलेच्या मातीतून आत येतो." मला दोन्ही कारणं पटली आणि मी चपला काढल्या. आमच्याकडे शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे समुद्र बघायला येतात, त्यांना मात्र दर वेळी हटकावं लागतं. बूट घालून आत शिरतात, वेलीला पाठ टेकून फोटो काढतात आणि वर विचारतात, "पान तोडलं तर चालेल का?"

माझा मित्र पहिल्यांदा वाडीत आला तेव्हा त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. माझे पाय अनवाणी बघून त्याने बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले आणि पॅन्ट वर दुमडून माझ्यामागोमाग आला. त्याच दिवशी मी त्याला मनातल्या मनात पास करून टाकलं. माणूस ओळखण्याची माझी परीक्षा इतकी सोपी होती, याचं आता हसूही येतं आणि रागही.

मी मूळची बोईसरची. म्हणजे वडील साताऱ्याकडून वीज प्रकल्पात नोकरीला आले आणि मी कॉलनीत वाढले, म्हणून बोईसरची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मी टाक्यांचं तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणं सांभाळते. मित्र त्याच खात्यात, शेजारच्या टेबलावर. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं आणि एकाच साहेबाची बोलणी खाल्ली. त्याला कोड लिहायचं वेड होतं. मला चालू यंत्र उघडून बघायचं वेड होतं. दोन वेडे एका खात्यात आले की काहीतरी उद्योग निघतोच.

उद्योग निघाला तो सासूबाईंच्या गुडघ्यांवरून. पानवेलीला पाणी थोडं आणि वरचेवर लागतं. मुळाशी ओल हवी, पण पाणी साचलं की मुळं कुजतात. पंप वाडीच्या टोकाला. वीज आपल्या मर्जीने येणार, आपल्या मर्जीने जाणार. सासूबाईंना दिवसभर घर ते पंप, पंप ते घर अशा फेऱ्या माराव्या लागत. म्हणून आम्ही दोघांनी एक डबा बनवला. आत पत्त्याएवढा छोटा संगणक, बाहेर फोनएवढा पडदा, आणि एक वायर पंपाच्या स्टार्टरला. डबा घराच्या ओटीवर भिंतीला ठोकला. त्यात चालणारं सॉफ्टवेअर आम्ही सुट्टीच्या दिवशी लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवं तसं बदलावं, आणि बदल चांगला असेल तर आम्हालाही परत द्यावा.

सुरुवातीला पडद्यावर मित्राने सगळंच टाकलं होतं. मिनिटं, लिटर, ओलाव्याचा टक्का, आठवड्याचं वेळापत्रक, आलेख. सासूबाईंनी तो पडदा बघितला आणि हात पदराला पुसून मागे घेतला. म्हणाल्या, "ह्ये तुमच्या कारखान्याचा हाय. माज्या वेलींचा नाय."

तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. तो म्हणायचा, उद्या कुणी खरा जाणकार आला तर त्याला हे सगळं लागेल. मी म्हणायचे, जाणकार येईल तेव्हा येईल, ही बाई आज दारात उभी आहे. दोघांचंही बरोबर होतं, तेच तर अवघड होतं. जाणकाराला नुसतं सोपं दिलं की त्याला हात बांधल्यासारखं होतं. नवख्यापुढे सगळं मांडलं की तो हातच मागे घेतो. तोडगा घरातच सापडला. आमच्या घरांना ओटी असते आणि आत माजघर असतं. आल्यागेल्याने ओटीवर बसावं, पाणी प्यावं, काम सांगावं आणि जावं. घरच्या माणसाने थेट माजघरात शिरावं. सॉफ्टवेअरलाही आम्ही तसे दोन भाग केले आणि त्यांना हीच नावं दिली. डबा चालू केला की ओटी दिसायची आणि तिच्यावर फक्त तीन मोठी बटणं. ज्याला आत जायचंय त्याच्यासाठी कोपऱ्यात छोटं दार.

तीन बटणांचे शब्द सासूबाईंचे. ‘शिंपण’ म्हणजे नव्या रोपांना थोडंसं. ‘पाणी’ म्हणजे पूर्ण पाळी. तिसऱ्या बटणावर मी ‘थांबा’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "पान्याला थांब काय बोलतंस? जेवनाराला कसा बोलतो आपन, पुरे." मग उजव्या हाताला खाली ‘पुरे’ आलं. आत एक गोष्ट मी हट्टाने बसवली होती. मधेच वीज गेली तर किती पाणी देऊन झालं ते डब्याने लक्षात ठेवायचं आणि वीज आल्यावर उरलेलं तेवढंच द्यायचं. कारण आमच्याकडे वीज गेली म्हणून कुणी पंपाचा खटका खाली करत नाही. चालूच ठेवतात, म्हणजे वीज आली की पाणी आपोआप सुरू. पिढीजात सवय आहे ती, आणि शहाणपणाचीही.

नवीन आवृत्ती निघण्याआधी आमचा एक रिवाज असायचा. सासूबाई डब्यासमोर उभ्या राहायच्या आणि आम्ही दोघं पायरीवर तोंड मिटून बसायचो. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खाकरायचं सुद्धा नाही. मला ते फार जड जायचं. माझी जीभ मला न विचारता सुटते. पण नियम मित्रानेच केला होता आणि तो सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर त्यानेच लिहिला होता, की वापरणारा चुकला असं म्हणायचं नाही, तो अडला तर चूक आपली. सासूबाई अडल्या की तो वाढलेलं ताट सोडून उठावं तसा चटकन उठायचा आणि तिथल्या तिथे कोड बदलायला बसायचा. त्या म्हणायच्या, "अरे, चाय तरी पी पोरा." 

एकदा कोळगावला शेतकऱ्यांचा मेळावा होता. तिथे आम्ही डबा दाखवायला नेला. लोक जमले, पण हात लावायला कुणी धजेना. मोखाड्याकडचा एक शेतकरी हात बगलेत घालून उभा होता, मोडलं तर भरून द्यावं लागेल या भीतीने. सासूबाई पुढे झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "दाब रे, चावत नाय ता." त्याने दाबलं. मग रांग लागली. मित्राने माईकवरून सांगितलं, "या आमच्या काकी. यांनी पास केल्याशिवाय आम्ही काही बाहेर सोडत नाही." परतताना गाडीत सासूबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पास करणारा हात. त्यांना आयुष्यात कुणी परीक्षक केलं नव्हतं.

हळूहळू खरोखरचे जाणकार आले. कुठले द्राक्षवाले, कुठले हरितगृहवाले, कुणी परदेशातले. ते माजघरात रमले. त्यांनी चांगली चांगली कामं केली, हे मी नाकारणार नाही. पण माजघर भरलं की ओटीवर पसारा येतो. त्यांना ओटी अडचणीची वाटू लागली. प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागतो, तीन बटणांसाठी कोण एवढं करणार, असं ते सॉफ्टवेअरच्या खुल्या चर्चेत लिहायचे. मी फटकन उत्तर द्यायचे आणि मित्र मागून येऊन सारवासारव करायचा. तो त्यांच्याशी तासन् तास बोलू लागला. ते त्याला मानत होते. कारखान्यात आम्हाला कोण मानत होतं? त्याला त्या पंगतीत बसायचं होतं, हे मला दिसत होतं आणि त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं.

त्याच वर्षी सासूबाईंनी वेलींची नवी लागवड केली. आळीत आता बाकी कुणाच्याच वेली उरल्या नव्हत्या. एकेका वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आणि निळे पोहण्याचे हौद झाले होते. नवऱ्याचंही मन तिकडे होतं. तो मुंबईला नोकरी करून रात्री उशिरा दमून येतो, त्याला मी दोष देत नाही. मायलेकांचं शेवटी ठरलं, की ही लागवड धरली तर वाडी वेलींचीच राहील, नाही धरली तर तिथे खोल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "धरंल. आता डबा हाय ना."

रोपं नुकती आधाराला लागली होती आणि आमच्या कारखान्याचं शटडाऊन लागलं. वर्षातून एकदा सगळं बंद करून सगळं उघडायचं, तपासायचं, पुन्हा जोडायचं. त्या काळात उपकरणवाल्यांना घर विसरायचं असतं. मी कारखान्याजवळ, बोईसरच्या फ्लॅटवरच राहणार होते. मित्राने तेव्हा दुसरी नोकरी धरली होती, घरी बसून करण्याची, त्यामुळे त्याला सवड होती. मी त्याला म्हटलं, "महिनाभर तू सांभाळ. माजघरात काय हवं ते कर, पण ओटीला हात लावू नकोस. तिथे लागवड आहे."

"अगं, मला सांगतेस?" तो म्हणाला. "काकींची ओटी आहे ती. वचन."

सासूबाईंनाही मी सांगून ठेवलं, काही अडलं तर त्याला फोन करा, तो आहे.

शटडाऊन संपल्यावर मी केळव्याला गेले. फाटकातूनच वास आला, साचलेल्या पाण्याचा, कुजका. चपला काढून आत गेले तर पाय चिखलात रुतले. नव्या वेलींची पानं पिवळी पडून लोंबत होती. एक रोप हलकेच ओढलं, ते हातातच आलं. मूळ काळं आणि मऊ. दुसरं ओढलं, तेही तसंच. विहिरीकडच्या उंच भागातली थोडी जुनी वेल तेवढी हिरवी होती.

ओटीवर डब्याचा पडदा पाहिला आणि काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. तीन बटणं नव्हतीच. नवी आवृत्ती इंटरनेटवरून आपोआप उतरली होती आणि तिच्यात ओटी काढून टाकलेली होती. थेट माजघर, सगळं इंग्रजीत, रकान्यांवर रकाने. वीज गेली तर पुढे काय करायचं हे आता वापरणाऱ्याने स्वतः आत जाऊन ठरवायचं होतं. नाही ठरवलं तर वीज आली की पूर्ण पाळी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत आमच्याकडे लाइनचं काम चाललं होतं, वीज सारखी ये-जा करत होती. प्रत्येक वेळी आली की पूर्ण पाणी, पुन्हा पूर्ण पाणी.

आणि उजव्या हाताला खाली, जिथे ‘पुरे’ होतं नेमकं तिथे, आता ‘सेव्ह’चं बटण होतं. सासूबाईंचा हात त्या जागेला सरावलेला. वेलीत पाणी दिसलं की त्या येऊन तिथे दाबायच्या. पडदा हिरवा लुकलुकायचा. त्यांना वाटायचं, ऐकलं. प्रत्यक्षात त्या दर वेळी तेच वेळापत्रक पक्कं करत होत्या. रोज त्या पुरे म्हणत होत्या आणि डबा रोज हो म्हणत होता.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "माज्या हातून गेल्या गं बाय वेली."

"तुमच्या हातून कशाला? आई, हे बदललंय. तुमची बटणं काढून टाकलीत."

"नाय नाय. मी फोन केलता ना त्याला. पयला केला तवा बोलला, काकी, नवीन हाय, सवय होईल. मी बोलली, पानी लय होतंय, खटकाच पाडू काय? तर बोलला, खटक्याला हात नका लावू, आतला बिघडंल. मग पाना पिवली पडली तवा परत केला. तर बोलला, काकी, तुमच्याकडून कायतरी चुकीचा दाबला गेला असंल." त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "मीच दाबला. मान डोलवून डोलवून दाबत होती."

वेली गेल्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी मला वेली दिसतच नव्हत्या. वापरणारा चुकला असं म्हणायचं नाही, हे ज्याने स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर लिहिलं, त्याने हे या बाईला सांगितलं होतं.

वसाहतीच्या नाक्यावर आमची नेहमीची चहाची टपरी आहे. तिथे मी त्याला बोलावलं. आजूबाजूला पाळी सुटलेले कामगार हिंदीत गप्पा मारत होते. तो आला, नेहमीसारखे दोन कटिंग सांगितले. मी चहाला हात लावला नाही.

"ओटी काढलेली नाही," तो म्हणाला. "वेगळी ठेवली आहे. ज्याला हवी त्याने चार आज्ञा टाइप करून बसवून घ्यायची."

"माझी सासू आज्ञा टाइप करणार?"

"तू केल्या असत्यास."

"मला सांगितलंस?"

"तू शटडाऊनमध्ये होतीस. आणि लपवलं काय त्यात? सगळी चर्चा उघड होती. कुणीही येऊन बोलू शकत होतं."

"माझी सासू येऊन बोलू शकत होती?"

त्याने माझा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, ते जाणकार सोडून जायला निघाले होते. ते गेले असते तर सगळंच बंद पडलं असतं. आणि ओटी वापरतं तरी कोण, आपल्या माहितीतल्या एक काकी. एकीसाठी किती जणांना थांबवायचं?

"एकच होत्या, तर फोन करून सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला आणि शेजारचे लोक बघायला लागले. "बदल केलास, कर. वचन मोडलंस, तेही गिळलं असतं मी. पण तुला कारण माहीत होतं. वीज आल्यावर काय होणार हे तुला माहीत होतं. तरी तू त्यांना सांगितलंस की तुम्ही चुकीचं दाबलंत?"

"फोनवर काय समजावणार होतो त्यांना?" तो म्हणाला. "पटकन सुचलं ते बोललो. हे बघ, चिडू नकोस. सॉफ्टवेअर मुक्त आहे. तुला पटत नसेल तर तुझी वेगळी प्रत काढ. तुला कोण अडवतंय?"

खरंच कुणी अडवत नव्हतं. ज्या मोकळेपणाचा मला अभिमान होता, तोच त्याने मला घराबाहेरचा रस्ता म्हणून दाखवला. मी पैसे दोघांचे दिले आणि निघाले. ज्याच्या डब्यातलं वर्षानुवर्षं खाल्लं, त्याच्या पैशाचा चहा मला त्या दिवशी नकोसा वाटला. त्यानंतर त्याचे दोन-तीन फोन आले, मी उचलले नाहीत.

वेगळी प्रत काढली मी. रागाने माणूस किती काम करतो हे मला तेव्हा समजलं. ओटी परत दारात आणली. तीन बटणं, तेच शब्द, त्याच जागा. एक नियम कोडमध्येच बसवला, की ओटीला कधीही धक्का लागता कामा नये, आत काहीही होवो. माजघरही सोडलं नाही, जाणकारांनी केलेलं चांगलं ते सगळं ठेवलं. त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. ते तर कधी केळव्याला आलेच नव्हते. त्यांना कुठून माहीत, तिथे कुणाची लागवड आहे? ज्याला माहीत होतं तो अनवाणी आला होता.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो खोल्यांच्या बाजूचा माणूस, तरी म्हणाला, "मग ही लागवड धरली नाही असं कसं म्हणायचं? धरू दिली नाही. आई म्हणाली तर परत लावू." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात नवीन प्रत टाकली आणि सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या. पडद्यावर त्यांचे शब्द होते. मी सवयीने पायरीवर जाऊन बसले, तोंड मिटून. शेजारची जागा रिकामी होती.

त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. हात मात्र पदराखालीच होता.

नियम मोडून मी बोलले. "दाबा ना, आई. तुमचंच आहे ते."

"नको गं बाय. परत चुकंल माज्याकडून."

"तुम्ही चुकलाच नव्हतात. किती वेळा सांगू? त्याने तुमचं बटण काढलं आणि तुमच्यावर ढकललं. खोटं बोलला तो."

त्या माझ्याकडे बघून हसल्या, समजूत घालावी तसं. "तू माजी सून हायस. तू असाच बोलनार. तो एवडा शिकलेला पोरगा, आपल्याच घरातला. तो कशाला खोटा बोलंल माज्याशी?"

मी नुसतंच म्हटलं, "हे म्हणतायत, परत लागवड करू. तुम्ही हो म्हणा फक्त."

"नको," त्या म्हणाल्या. "खोल्या होऊ दे."

मग त्या पायरी उतरल्या, चपला पायात सरकवल्या आणि उरलेल्या वेलींच्या मधून तशाच विहिरीकडे गेल्या.